घरच्या घरी गाडीचे ब्रेक पॅड बदलणे: साताऱ्याच्या घाटांत गाडी चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्यातून गाडी काढली की कुठे ना कुठे घाट लागतोच. कासला जाताना यवतेश्वर, मेढ्यावरून महाबळेश्वरला केळघर, वाईहून पाचगणीला पसरणी, कोकणात उतरायचं तर कुंभार्ली किंवा आंबेनळी, आणि पुण्याहून परत येताना खंबाटकी. सपाट शहरात राहणाऱ्यांपेक्षा आपल्याकडच्या गाड्यांचे ब्रेक लवकर झिजतात, आणि त्यांच्याकडे लक्षही जास्त द्यावं लागतं. छोट्या गाडीचे पुढचे पॅड घरी बदलण्याबद्दल ओळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत आधीच सांगतो: पॅड बदलणं अवघड नाही. जुना पॅड तसा का झिजला हे शोधणं हे खरं काम, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच राहून जातं.

पॅड झिजलेत हे कसं ओळखायचं?

बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते. पॅडवरचा मसाला (डिस्कवर घासून चाक थांबवणारा थर) ठरावीक जाडीपर्यंत झिजला की ती पट्टी डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासते आणि ब्रेक दाबल्यावर बारीक, कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो. हा आवाज म्हणजे कंपनीने मुद्दाम ठेवलेली सूचना आहे. त्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे घर्रर्र असा जाडाभरडा आवाज येतो. तो आला की मसाला संपला आणि पॅडची लोखंडी पाठ थेट डिस्कवर घासतेय असं समजायचं. त्या अवस्थेत गाडी चालवू नका. घाटात तर नकोच.

दुसरी खूण ब्रेक ऑइलच्या डबीत दिसते. पॅड जसे पातळ होतात तसा त्यांना डिस्कवर दाबणारा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागे जास्त ऑइल जातं आणि डबीतली पातळी खाली येते. म्हणून कधी कधी उतारावर किंवा वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. हँडब्रेक पूर्ण खाली असताना असं झालं तर आधी पॅड आणि गळती तपासा. नुसतं ऑइल ओतून दिवा घालवू नका.

चाक न काढता पॅड बघता येतो का?

बाहेरचा पॅड दिसतो, विशेषतः अलॉय चाक असेल तर. मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या फटीतून कॅलिपरकडे, म्हणजे डिस्कला मिठीत धरणाऱ्या लोखंडी भागाकडे, बघा. डिस्कला टेकलेला मसाला आणि त्यामागची लोखंडी पाठ वेगवेगळी ओळखता येते. नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर मसाला असतो. ३ मिलिमीटर राहिला की बदलायची तयारी करा, २ वर तर थांबायचंच नाही.

पण बाहेरचा पॅड चांगला दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. आतला पॅड बरेचदा जास्त झिजलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पंक्चर काढायला किंवा चाकं फिरवायला चाक निघेल तेव्हा दोन मिनिटं थांबून आतल्या बाजूला टॉर्च मारायची सवय लावून घ्या.

एक सेट किती किलोमीटर चालतो?

छोट्या गाडीचे पुढचे पॅड साधारण ३०,००० ते ५०,००० किलोमीटर जातात असं ढोबळमानाने धरतात. आपल्या भागात हा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. जो माणूस रोज महामार्गाने कराडला जाऊन येतो त्याचे पॅड जास्तच टिकतील. जो आठवड्यातून चार वेळा पाचगणी करतो त्याचे निम्म्यातच संपू शकतात. किलोमीटर मोजण्यापेक्षा मिलिमीटर मोजा. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम सुरू होऊन रस्त्यावर चिखल-माती यायच्या आधी, पॅड बघून घ्यावेत.

घाट उतरताना ब्रेक एवढे तापतात ते का?

हिशोब मांडला की लगेच लक्षात येतं. पाचगणी वाईपेक्षा साधारण ५५० मीटर उंच आहे. चार माणसं बसलेली छोटी गाडी १,२०० किलोची धरा. ती पाचगणीहून वाईला उतरते तेव्हा सुमारे ६५ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना पूर्ण थांबवली तर ब्रेकना साधारण १ लाख ६७ हजार जूल ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये, नुसत्या ब्रेकवर पसरणी उतरणं म्हणजे ६० च्या वेगावरून पस्तीस-चाळीस वेळा गाडी थांबवण्याच्या जवळपास जातं, आणि तेही मधे डिस्क थंड होऊ न देता.

पॅड ठरावीक तापमानापलीकडे गेला की त्याची पकड कमी होते. पाय तेवढाच दाबलेला असतो, पेडल घट्टच लागतं, पण गाडी थांबत नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे कॅलिपरमधलं जुनं, पाणी शोषलेलं ऑइल उकळतं. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं.

उपाय सगळ्यांना माहीत आहे, पाळत मात्र थोडेच लोक. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर धरून ठेवायची सोय कुठे आहे ते सपाटीवरच शिकून घ्या. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणं हा तर जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झालं की एक-दोन दाबांनंतर ब्रेकला मिळणारी बूस्टरची मदत संपते, आणि स्टेअरिंगही जड होतं.

हे काम घरी कोणी करावं, कोणी करू नये?

स्टेपनी स्वतः बदलता येत असेल, पाने हाताळायची सवय असेल आणि एक पूर्ण सकाळ मोकळी असेल, तर पुढचे डिस्क पॅड घरी होतात. सपाट, टणक जागा नसेल किंवा जॅक स्टँड नसेल, तर करू नका. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड घरी काढू नका, कारण त्याची मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते. ब्रेक ऑइल गळताना दिसत असेल तर गाडी सरळ जवळच्या गॅरेजला द्या. ती चालवत नेण्यापेक्षा ओढून न्या.

कोणतं सामान लागतं?

व्हील पाना, गोटी पान्यांचा सेट (बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरच्या बोल्टला १२, १३, १४ किंवा १७ नंबर लागतो), एक मोठा सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांसाठी सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, जाड तार किंवा दोरी, हातमोजे आणि मास्क. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणारा) मिळाला तर उत्तम. आणि दोन जॅक स्टँड. गाडीबरोबर आलेला कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडी उचलून ठेवून हात आत घालायचा नाही.

पॅड कोणते घ्यावेत?

पहिल्यांदा करत असाल तर गाडीच्या कंपनीचे जेन्युइन पॅड घ्या. छोट्या गाडीचा पुढचा सेट साधारण १,००० ते २,५०० रुपयांत येतो. बॉश, टीव्हीएस गिरलिंग अशा नावाजलेल्या कंपन्यांचे पॅडही चांगले चालतात. फक्त दुकानदाराला गाडीचं मॉडेल, साल आणि शक्य असेल तर चेसिस नंबर सांगा, कारण एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या सालांत वेगळे कॅलिपर आलेले असतात. जुना पॅड हातात घेऊन दुकानात गेलात तर सगळ्यात बरं.

नकली माल बाजारात आहे. खोक्यावरची छपाई पुसट, होलोग्राम नाही, भाव निम्मा, मसाल्याच्या कडा चुरगळतायत अशी खूण दिसली तर घेऊ नका. पाचशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

गाडी कुठे आणि कशी उभी करायची?

हा प्रश्न साताऱ्यात जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपलं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय. माची पेठ, चिमणपुरा अशा पेठांत घरासमोरचा रस्ता सपाट वाटला तरी तो बरेचदा सपाट नसतो. बाटली आडवी ठेवून बघा. घरंगळली तर दुसरी जागा शोधा. सोसायटीचं फरशी घातलेलं पार्किंग, एखाद्या मित्राच्या शेडमधला कोबा, अशी जागा हवी. माती, मुरूम किंवा पेव्हर ब्लॉकवर स्टँड रुतू शकतो. दुसरी जागाच नसेल तर त्याखाली जाड फळी घाला.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मगच जॅकने उचला आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी स्टँड लावा. गाडी स्टँडवर उतरवली की बाजूने हाताने जोरात ढकलून बघा. हलली तर परत लावा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सटकलाच तर गाडी त्या चाकावर थांबेल.

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

एका वेळी एकच बाजू उघडा. अडलं की दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं.

आधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडून त्याभोवती फडकं गुंडाळा. पिस्टन आत गेला की ऑइल वर येतं आणि डबी भरलेली असेल तर उतू जातं. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पातळी वरच्या खुणेला टेकलेली असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून ठेवा.

स्टेअरिंग असं वळवा की कॅलिपर बाहेरच्या बाजूला येईल.  त्याच्या मागे दोन पिना असतात आणि प्रत्येकीला एक बोल्ट. बऱ्याच गाड्यांत खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलता येतो. काही गाड्यांत दोन्ही बोल्ट काढावे लागतात. तसं असेल तर कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगून ठेवा. तो ब्रेकच्या रबरी पाइपावर कधीही लोंबकळू देऊ नका. पाइप बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फाटतो. एबीएसची बारीक वायर जवळून जात असेल तर तिलाही ताण नको.

जुने पॅड काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कोणती क्लिप कुठे, किंचाळणारी पट्टी आत की बाहेर, वर की खाली, हे सगळं फोटोत राहतं. जुन्या पॅडच्या पाठीवर खडूने किंवा मार्करने लिहा: डावा आतला, डावा बाहेरचा.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंजाचा थर साचतो आणि पॅड घट्ट अडकतो. तारेच्या ब्रशने ती जागा चकचकीत होईपर्यंत घासा. पॅडच्या सेटबरोबर नव्या क्लिपा आल्या असतील तर त्याच लावा. नवा पॅड त्या खाचेत बोटाने सरकवला की सहज सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर पॅड चुकीचा आहे किंवा सफाई अर्धवट राहिली आहे.

आता पिस्टन. जुना आतला पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्प लावा आणि सावकाश आवळा. मधेमधे डबीकडे बघा. पिस्टन पूर्ण आत गेला की नवे पॅड बसवा. त्यांच्या कानांना आणि लोखंडी पाठीला जिथे लोखंड लोखंडाला लागतं तिथे ब्रेकसाठीचं ग्रीस अगदी पातळ लावा. मसाल्याला आणि डिस्कला ग्रीसचा हात लागता कामा नये. लागलाच तर ब्रेक क्लीनरने पुसा. डिस्कही एकदा क्लीनरने पुसून घ्या.

कॅलिपर खाली आणा आणि बोल्ट घट्ट करा. छोट्या गाड्यांत पिनेच्या बोल्टचा टॉर्क बहुधा २२ ते ३५ न्यूटन-मीटर इतकाच असतो, म्हणजे लांब पान्यावर लटकायचं काम नाही. अचूक आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. चाक लावा, नट हाताने बसवा, गाडी खाली आणा आणि मग एकाआड एक नट आवळा. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतो.

कॅलिपर उघडा असताना गाडीत बसून कोणीही ब्रेक दाबणार नाही याची काळजी घ्या. घरात लहान मुलं असतील तर दरवाजे लॉक करून किल्ली खिशात ठेवा.

काम झाल्यावर लगेच गाडी काढली तर चालेल का?

नाही. आधी गाडी जागेवरच ठेवून ब्रेकचं पेडल सावकाश दाबत राहा. पहिल्या काही दाबांत ते जमिनीपर्यंत जाईल, कारण पिस्टन अजून आतच आहे. पेडल नेहमीसारखं घट्ट लागेपर्यंत दाबा. मग इंजिन सुरू करून परत तपासा. ऑइलची पातळी बघा, झाकण लावा. हे राहून गेलं तर गाडी पार्किंगमधून मागे घेताना थांबणारच नाही. या एका कारणाने भिंतीला धडकलेल्या गाड्या कमी नाहीत.

पिस्टन आत जातच नाही. काय करावं?

डबीचं झाकण उघडलंय ना, क्लॅम्प सरळ लागलाय ना, ते बघा. तरीही जात नसेल तर जोर लावू नका. पिस्टनच्या कडेला गंज आला असेल, रबरी सील चिकटलं असेल किंवा रबरी पाइप आतून बंद झाला असेल. हे गॅरेजचं काम आहे. कॅलिपर उघडून त्याचा किट बदलावा लागतो आणि नंतर ब्रेकमधली हवा काढावी लागते. मागच्या डिस्कला हँडब्रेकची तार जोडलेली असेल तर तो पिस्टन दाबून नाही, फिरवत फिरवत आत जातो. क्लॅम्पने दाबलात तर आतली यंत्रणा तुटते.

पिनांना साधं ग्रीस चालेल का?

चालत नाही. चेसिसला मारायचं पिवळं किंवा काळं ग्रीस तेलापासून बनतं. पिनेवरच्या रबराला ते लागलं की रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन जाम होते. ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉनचं, उष्णता सोसणारं ग्रीसच वापरा. दोन पिना दिसायला सारख्या असल्या तरी काही गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. वरची वरच आणि खालची खालीच गेली पाहिजे.

जुने पॅड फेकायच्या आधी त्यात काय बघायचं?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो फारच कमी लोक विचारतात. चारही पॅड फरशीवर ओळीने मांडा आणि मसाल्याची जाडी बाजूने बघा.

चारही सारखे झिजलेत: सगळं ठीक आहे, नवे लावा.

एकाच चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ: पिना जाम आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. कॅलिपर पिनांवर सरकला नाही की बाहेरचा पॅड नीट काम करत नाही आणि सगळा भार आतल्यावर येतो.

पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा: दोनपैकी एक पिन अडकली आहे.

डावीकडचे दोन्ही पातळ, उजवीकडचे जाड: डाव्या कॅलिपरचा पिस्टन अडकतोय किंवा पाइप आतून फुगला आहे. ऑइल आत जातं, पण पाय काढल्यावर सहज परत येत नाही. अशी गाडी चालवून आल्यावर ते चाक दुसऱ्यापेक्षा गरम लागतं. हात लावू नका, नुसता जवळ नेला तरी कळतं.

मसाला काचेसारखा चकाकतोय: उतारावर ब्रेक सतत धरून ठेवल्याची खूण. अशा गाडीच्या ड्रायव्हरशी घाट उतरण्याबद्दल बोलायला हवं.

मसाल्यात लोखंडाचे बारीक चमकते तुकडे रुतलेत: डिस्कवर ओरखडे असणार.

मसाला तेलकट आहे: कुठून तरी ऑइल किंवा ॲक्सलच्या फाटलेल्या बुटातून (रबरी आवरणातून) ग्रीस येतंय. आधी ते शोधा, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील.

शाहूपुरीत राहणाऱ्या एका शेजाऱ्यांची वॅगनआर रोज कोरेगावच्या बाजूला जायची, ऊसतोडीच्या दिवसांत सगळ्या चिखलातून. गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते अशी त्यांची तक्रार होती. चाक काढलं तर डावीकडच्या आतल्या पॅडवर जेमतेम २ मिलिमीटर मसाला, आणि त्याच चाकाचा बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. खालची पिन हाताने हलेना. तिचा रबरी बूट घडीच्या जागी चिरला होता, आणि त्या चिरेतून पाणी आणि माती आत गेली होती. पान्याने डावी-उजवी पिळत पिन बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचं ग्रीस वाळून खपलीसारखं झालं होतं आणि मधल्या भागात तपकिरी गंज होता. पिन बदलली, नवा बूट बसवला, भोक नीट पुसून आतून ग्रीस लावलं. नवी पिन बोटाने दाबली की हवेचा हलका फुसकारा येऊन आत जायची आणि सोडली की थोडी परत यायची. पिन अशी सरकायला हवी. त्या दिवशी नुसते पॅड बदलून गाडी दिली असती तर पुढच्या हंगामात नवा पॅडही तसाच संपला असता.

डिस्कही बदलावी लागते का?

दरवेळी नाही. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. ती व्हर्नियरने मोजा. कडेला उंच धार उरली असेल तर आतला भाग मोजा, कडा नको. जाडी पुरेशी असेल आणि ओरखडे नखाला अडकण्याइतके खोल नसतील तर तीच डिस्क चालते. ब्रेक दाबल्यावर पेडल किंवा स्टेअरिंग थरथरत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. लेथवर ती सारखी करून मिळते, पण लेथ मारल्यावर जाडी किमान आकड्याच्या खाली जात असेल तर नवीच घ्या, आणि घ्यायची तर दोन्ही बाजूंची.

एकाच बाजूचा पॅड संपलाय, तर तेवढाच बदलू का?

दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. नव्या आणि जुन्या पॅडची पकड वेगळी असते आणि ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला खेचली जाते.

ब्रेक ऑइल कधी बदलायचं?

दर दोन वर्षांनी किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेव्हा. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार, दोन्ही हवेतलं बाष्प शोषतात. नवीन डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला आणि डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पण पाणी शोषल्यावर हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. महाबळेश्वरच्या बाजूचा पावसाळा आणि धुकं काढलेल्या गाडीला हा फरक घाट उतरताना जाणवू शकतो. डबीवर जो डॉट क्रमांक लिहिला आहे तोच वापरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात कधीच मिसळू नका. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर हवा आहे, आणि ती काढायला दुसऱ्या माणसाची मदत व थोडा सराव लागतो. पहिल्यांदा ते जाणकाराकडून करून घ्या.

नवे पॅड लावल्यावर ब्रेक आधीपेक्षा कमी लागतो. चुकलं का काही?

पेडल घट्ट असेल तर बहुधा नाही. नवा मसाला डिस्कवर बसायला वेळ लागतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर जा. मागे कोणी नाही हे बघून ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा. पूर्ण थांबू नका. थोडं चालवा, डिस्क थंड होऊ द्या, परत करा. असं आठ-दहा वेळा. नंतर गाडी उभी केली की थोडा वेळ हँडब्रेक ओढू नका. पहिले तीनेकशे किलोमीटर जोरात ब्रेक लावायची वेळ येऊ देऊ नका आणि त्या दिवशीच घाटात जाऊ नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा परत तपासा.

पावसात रात्रभर उभ्या गाडीचे ब्रेक सकाळी खरखरतात. पॅड गेले का?

डिस्कवर रात्रीतून गंजाचा पातळ थर येतो. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की निघून जातो. दिवसभर खरखर राहिली तर चाक काढून बघा.

पॅडची काळी धूळ फुंकून किंवा हवेने उडवली तर?

नको. काही स्वस्त पॅडमध्ये अजूनही ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि इतर धूळही फुप्फुसांना वाईटच. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओली करा आणि फडक्याने पुसून पिशवीत बांधा. पेट्रोल किंवा डिझेलने ब्रेक धुवू नका.

मागच्या ड्रमचे लायनरही असेच बदलता येतील का?

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमच्या आत स्प्रिंगा, ॲडजस्टर आणि हँडब्रेकची तार यांची गुंतागुंत असते. एखादी स्प्रिंग उलटी लागली तर चाक जाम होऊ शकतं. पुढचे पॅड दोनदा-तीनदा बदलून हात बसला की मगच तिकडे वळा, आणि पहिल्यांदा कोणाला तरी शेजारी बसवून.

घरी करायचं नाही, गॅरेजलाच देणार आहे. मग काय बघू?

समोर उभं राहायला परवानगी मागा. चांगला मेकॅनिक नाही म्हणत नाही. पिना बाहेर काढून पुसल्या का, कोणतं ग्रीस लावलं, क्लिपांखालचा गंज घासला का, चाकाचे नट गाडी जमिनीवर आल्यावर हाताने आवळले की नुसती नट आवळायची गन मारली, एवढं विचारा. "नुसते पॅड टाकून देतो, पंधरा मिनिटांत होतं," असं ऐकलं तर पिनांची सफाईही करून हवी आणि तिचे पैसे वेगळे देईन, हे आधीच सांगा. जुने चारही पॅड परत मागून घ्या, आणि कोणता कोणत्या बाजूचा ते तिथेच त्यांच्या पाठीवर लिहून घ्या.